तोंडी परीक्षेचे वीस मार्क

मार्क रजिस्टरमध्ये जातात आणि किस्से मास्तरांच्या डोक्यात साठतात! अक्कलकुव्याकडच्या आमच्या आश्रमशाळेत मराठी शिकवणारे आम्ही दोघंच, मी आणि शहाद्याचे पाटील सर. पेपर तपासायला बसलो की तास-तास गप्पा चालतात.

एकदा बाहेरून छापून आलेल्या पेपरात प्रश्न होता, ‘तुमच्या आगगाडीच्या प्रवासाचे वर्णन करा.’ एका मुलानं लिहिलं, ‘मी आगगाडीत बसलो नाही. सर बसले आहेत. त्यांना विचारावे.’

पाटील सरांनी पाचपैकी पाच दिले! आपल्या अहिराणीत म्हणाले, “पोरे हुशार शेतस, आपला पेपरच कच्चा शे!”

*

नववीच्या मुलांना मी म्हटलं, चांगलं बोलण्याचे मार्क कशावर द्यायचे ते तुम्हीच ठरवा. मला वाटलं, उच्चार, शुद्धता असलं काहीतरी सांगतील.

एक मुलगी म्हणाली, “ऐकणाऱ्यानं ‘मग पुढे काय झालं?’ असं विचारलं, तर पूर्ण मार्क.”

मी थक्क! बी.एड.ला एवढ्या नोट्स काढल्या, पण हे कुठेच नव्हतं.

*

त्याच वर्गातली सुरमी. तोंडी परीक्षेत मी गाईचं चित्र दाखवून विचारलं, “हे काय आहे?” पोरगी गप्प. दहा प्रश्न झाले, तोंड उघडलं नाही. वीसपैकी शून्य!

वर्ष वाया गेलं तर तिला ऊसतोडीला गुजरातला न्यायचं घरी ठरलं होतं. तिच्या वडिलांना बोलावून काय विचारलं ते सांगितलं. त्यांनी चित्र पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“सर, तुम्हाला गाय माहीत नाही?”

“माहीत आहे की!”

“मग विचारता कशाला? आमच्यात ज्याला माहीत नाही, तोच विचारतो.”

पंधरा वर्षं मी हेच करत आलो होतो.

*

दुसऱ्या दिवशी फेरपरीक्षा घेतली. मी खरोखर माहीत नसलेलंच विचारलं, “सुरमी, मोहाची फुलं वेचून वाळवतात कशी गं?”

पोरगी अर्धा तास बोलली! झाडाखालचा पाला आधी का जाळायचा, पहाटेच का जायचं, फूल वाळलं हे रंगावरून कसं ओळखायचं. मी तीनदा “मग पुढे?” म्हटलं. दारात उभे असलेले पाटील सर तासाला जायचंच विसरले. मी वीसपैकी वीस मांडले.

सुरमी मात्र उठेना. “सर, आता तुम्ही सांगा. कशी वाळवायची?”

मी आठवून आठवून सांगितलं. तिनं हाताची घडी घालून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “अर्धं आलं. उरलेलं उद्या परत विचारीन.”