सुनेचं ग्लुकोज

आमच्या घरात गरोदर होती माझी सून, पण दवाखान्यात खाटेवर झोपवलं ते मला.

सुनेचं नाव अश्विनी. माझा मुलगा नीलेश एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला आहे, आणि आम्ही सगळे राहतो इंदिरानगरला. अश्विनीला सहावा महिना लागला, तेव्हा आमच्या भागातल्या आशाताई घरी येऊन सांगून गेल्या, की दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं. शिवाय त्या दिवशी बाहेरच्या मोठ्या डॉक्टरीणबाईही येतात.

मला काही ते रुचलं नाही.

"अगं, गंगापूर रोडला इतके चांगले एसी दवाखाने आहेत. फुकटात गेलो तर लोक काय म्हणतील?"

"आई, पोट माझं आहे. लोकांचं नाही," अश्विनी म्हणाली आणि चप्पल घालायला लागली.

नीलेशची त्या दिवशी सकाळची पाळी होती. मग सोबत अनुभवी माणूस हवं म्हणून मीच निघाले. (अनुभव म्हणजे एक बाळंतपण. तेही नीलेशच्या वेळचं!)

दवाखान्यात पोचलो तर बाकड्यांवर जागा नाही. एका बाईला जरा सरकायला लावून मी अश्विनीला बसवलं, तिच्या शेजारी स्वतःला बसवलं आणि लगेच व्याख्यान सुरू केलं. "आमच्या वेळी कसल्या आल्या तपासण्या? नीलेशच्या वेळी आठव्या महिन्यात मी घराला चुना दिला होता!" (एका भिंतीला. तोही कमरेपर्यंत.) बायका माना डोलवत होत्या. त्यांना उठून जायला दुसरीकडे जागाच नव्हती.

तेवढ्यात सिस्टर आली. तरुण, चटपटीत, कपाळाला आठी. तिने अश्विनीच्या हातात एक मोठा ग्लास दिला आणि काहीतरी सांगितलं. मी तेव्हा शेजारच्या बाईला डिंकाच्या लाडवात खोबरं किती घालायचं ते समजावत होते, त्यामुळे सिस्टरचं बोलणं माझ्या कानात शिरलंच नाही. ग्लासात पाणी होतं, वर लिंबाची बी तरंगत होती.

अश्विनीने दोन घोट घेतले आणि तिचा चेहरा बदलला.

"आई, जरा धरा हं. मळमळतंय." आणि ती नळाकडे गेली.

मी ग्लास धरला. बाहेर एप्रिलचं ऊन, वर पंखा नुसता कुरकुरत होता, आणि माझ्या घशाला उन्हाळा लागल्यापासून सारखी कोरड पडायची. मनात आलं, बघा, सरकार किती सुधारलंय, आल्या-गेल्याला लिंबू सरबत देतं! आता सुनेला काही हे जात नाही. टाकून द्यायचं तर अन्नाचा अपमान. मी एका दमात ग्लास रिकामा केला. जरा जास्तच गोड होतं. पण फुकटच्या वस्तूला नावं ठेवायची नसतात.

अश्विनी आणि सिस्टर एकदमच आल्या.

"प्यायलात ना सगळं?" सिस्टरने विचारलं.

"हो, छान होतं," मी म्हणाले. "मीठ थोडं चाललं असतं."

सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. "आजी, तुम्ही प्यायलात?"

(आजी! अजून तीन महिने होते त्याला!)

"अहो, ते ग्लुकोजचं पाणी होतं! ते पिऊन थांबायचं आणि मग रक्तातली साखर बघायची. तपासणी यांची आहे!"

सगळ्या बाकड्यांवर हशा पिकला. मघाशी मान डोलवणाऱ्या बायका आता पोट धरून हसत होत्या; त्यातल्या प्रत्येकीला धरायला पोट चांगलं मोठं होतं. सिस्टरने दुसरा ग्लास कालवला आणि अश्विनीला समोर बसवून घोट घोट पाजला. तेवढा वेळ तिची एक नजर सतत माझ्यावर होती.

मी पदराने वारा घेत बसले. पण थोड्या वेळाने तोंडाला आणखी कोरड पडली. पाणी प्यायले. मोरीला जाऊन आले. पुन्हा पाणी, पुन्हा मोरी. तिसऱ्यांदा उठले आणि भिंत फिरल्यासारखी वाटली.

"आई, काय होतंय?"

"काही नाही गं, इथला पंखाच वाकडा फिरतोय," म्हणत मी अश्विनीच्या खांद्यावर कोसळले.

मग सिस्टरने माझंच बोट टोचलं. यंत्रातला आकडा बघितला. यंत्र झटकलं. दुसरं बोट टोचलं. मग तिने मला आतल्या खाटेवर झोपवलं आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला धावली. उशाशी भिंतीवर हसऱ्या गर्भवती मातेचं भलंमोठं चित्र होतं, आणि त्याच्याखाली मी.

तेवढ्यात पेठ तालुक्याकडची एक पोरगी आत आली. माझ्याकडे मायेने बघत म्हणाली, "मावशी, कितवा महिना हाय?"

मी डोळे मिटून घेतले. ते उघडले तेव्हा दारात नीलेश! अश्विनीने त्याला फोनवर एवढंच सांगितलं होतं, "लवकर या, आईंना झोपवलंय." तो कामाच्या कपड्यांतच सुटला होता. त्याने खाटेकडे पाहिलं, वरच्या चित्राकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"आई...?"

"गाढवा, साखर वाढलीय!" मी ओरडले.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. तहान कधीपासून लागते, वजन किती उतरलं, सगळं शांतपणे विचारलं. वजन उतरल्याचं मी शेजारणींना कौतुकाने सांगत फिरले होते. "पुढच्या तपासण्या कराव्या लागतील," त्या म्हणाल्या, "पण हा मधुमेहच दिसतोय, आणि आजचा नाही. असंच राहिलं असतं तर डोळ्यांवर, किडनीवर गेलं असतं. बरं झालं आलात." अश्विनी खाटेच्या कडेला बसली होती. तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

"आणि हिचं?" मी विचारलं.

"सुनेचं सगळं अगदी व्यवस्थित आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यानंतर आमच्या घरात गरोदर बाईची काळजी सासू घेत नव्हती. गरोदर बाईच सासूची काळजी घेत होती. अश्विनी गोळ्या हातावर ठेवायची, मेथीची भाजी वाढायची, आणि संध्याकाळी पोट सावरत मला कॉलनीत चालायला न्यायची. लोक तिला म्हणायचे, "दमत असशील गं." ती म्हणायची, "हो ना, आई फार हळू चालतात."

तिन्ही महिने नऊ तारखेला आम्ही दोघी तिथेच गेलो. बाळंतपणही तिथेच झालं, सुखरूप, आणि मुलगी झाली. बारशाला नीलेशने श्रीखंड आणि जिलब्या आणल्या. दोनशे माणसं जेवली. जिलबीला न शिवलेले दोनच जीव होते, मी आणि माझी बारा दिवसांची नात. तिला निदान दात नव्हते!