रिकाम्या बाटलीचा शेरा

गेल्या उन्हाळ्यातल्या एका शनिवारी दुपारी माझ्या वडिलांनी शनिवार पेठेतल्या आमच्या घरी कुरियरने आलेले मानवी प्रथिन ‘रिकामी बाटली’ असा शेरा मारून परत पाठवले.

प्रथिन माझ्या पत्नीने मागवले होते. ती पेशींवर संशोधन करते. पेशींना वाढीचा निरोप देणारे हे प्रथिन माणसाच्या शरीरात असते. प्रयोगशाळेसाठी मानवी जनुक जिवाणूंत घालून ते त्यांच्याकडून बनवून घेतात. जुना साठा संपला होता. त्या संध्याकाळी पेशींना नवे मिळाले नसते, तर तिच्या पीएचडीचा शेवटचा प्रयोग वाया गेला असता. शनिवारी दुपारी संस्थेत टपाल घ्यायला कोणी नसते, म्हणून तिने घरचा पत्ता दिला होता.

वडील बँकेतून निवृत्त झालेले. वस्तू पाहिल्याशिवाय सही करायची नाही, हा त्यांचा नियम. बल्बसुद्धा दुकानदाराला पेटवून दाखवायला लावतात. त्यांनी थर्माकोलचा खोका उघडला, बोटभर बाटली उजेडात धरली, कुरियरच्या कागदावर शेरा लिहिला आणि खोका परत दिला.

आम्ही बाजारातून आलो तेव्हा त्यांनी हे स्वतःच सांगितले.

“बाबा, ती रिकामी नव्हती. सुकवलेलं प्रथिन तळाला असतं. दिसत नाही,” पत्नी म्हणाली.

“दिसत नाही, हलवलं तर वाजत नाही. आणि माणसाचं म्हणतेस, पण बनवतात जंतू. मग माणसं काय करतात?”

“ऑर्डर देतात, बाबा. चला आता.”

कुरियरचे कार्यालय बुधवार पेठेत. खोका तिथेच होता, पण कारकून देईना.

“काका, शेरा तुमचा आहे. तो खोडा, सही करा, घेऊन जा.”

“अहो, बाटलीत काही दिसल्याशिवाय खोडू कसा?”

“मग खोका उद्या परत जाणार.”

“बाबा, माझ्या पेशी मरतील,” पत्नी म्हणाली.

वडिलांनी चष्मा लावला, बाटली पुन्हा उजेडात धरली. मग शेऱ्याखाली लिहिले : ‘वरील शेरा कायम. सून म्हणते म्हणून खोका घेतला.’ खाली सही केली.

कारकुनाने ते दोनदा वाचले. “काका, बँकेत होतात का?”

“हो. का?”

“काही नाही. न्या.”

संध्याकाळी पत्नीने बाटलीतले प्रथिन विरघळवून पेशींना दिले. सोमवारी तिने वडिलांना प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दाखवल्या. त्या जिवंत होत्या आणि वाढल्या होत्या. वडिलांनी बराच वेळ पाहिले. परतताना त्यांनी रिक्षा बुधवार पेठेत थांबवायला सांगितली, कारकुनाकडून तो कागद मागून घेतला, पहिला शेरा खोडला आणि बाजूला सही केली.