व्याधाची निळी पट्टी

माझ्या थोरल्या भावाची नजर माधवनगरच्या गिरणीत वाखाणली जायची. रंगखात्यातून सूत बाहेर आलं की आधी त्याच्यापुढे धरायचे, आणि दादा एका दृष्टिक्षेपात सांगायचा, "जरा पिवळं मारतंय, परत बुडवा." मी सांगलीच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. शिक्षण त्याच्याहून जास्त आणि तोरा त्याहूनही जास्त.

सत्तरनंतरच्या त्या वर्षांत मला ताऱ्यांच्या प्रकाशाचं वेड लागलं होतं. घरी बांधलेल्या दुर्बिणीला लोलक बसवला की ताऱ्याच्या ठिपक्याची तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगीत पट्टी व्हायची. पण कुठलंच यंत्र सगळे रंग सारख्या इमानानं दाखवत नाही. थोडा तांबडा, थोडा निळा ते स्वतःच खातं. ही खोट किती, ते कळायला आधी असा तारा बघायचा, ज्याचा प्रकाश पुस्तकांतून पक्का ठाऊक आहे. आमचा तारा व्याध. माघ-फाल्गुनात तो दिवेलागणीलाच गच्चीवरून दिसायचा; पावसाळा सोडला तर इतर महिन्यांत त्याला रात्री-पहाटे गाठायचो.

मोजायची रीत साधी होती. एका टोकाला फिकी आणि दुसऱ्या टोकाला काळीकुट्ट अशी काजळी धरलेली काचपट्टी मी दुर्बिणीपुढून हळूहळू सरकवायचो. दादा एकेक रंग बघत राहायचा आणि तो रंग दिसेनासा झाला की म्हणायचा, "थांब." पट्टीवरचा आकडा मी वहीत उतरवायचो. दोन माणसांचे डोळे सारखे नसतात, म्हणून बघणारा कायम दादाच. हा नियम माझा, आणि तो मी सोवळ्यासारखा पाळला.

दुसऱ्या वर्षी निळा रंग लवकर बुडायला लागला. मी लोलक पुसला. भिंगावर बुरशी धरली असेल म्हणून भिंग बदललं. काजळी जास्त बसली असेल म्हणून नवी पट्टी केली. काखेत कळसा नि गावाला वळसा! शेवटी मी ठरवलं की लोलकाची काचच पिवळी पडत चालली आहे. निळ्याच्या आकड्याला तेवढा गुणाकार लावला की हिशेब चोख जमायचा. दर महिन्याला तो गुणाकार वाढत गेला आणि दर महिन्याला मी तो ऐटीत दुरुस्त करत गेलो. जिन्यात दादा ठेचाळायचा, तेव्हा मी त्याला हसायचो. "दादा, अजून म्हातारा झाला नाहीस!"

मग एका संध्याकाळी दादाला गिरणीतून यायला उशीर झाला. व्याध ढगात जायच्या आत आकडे हवे होते, म्हणून नियम मोडून मीच डोळा लावला. निळी पट्टी लखलखीत होती. काच काळ्या टोकाकडे सरकवत गेलो तरी ती बुडेना. मला आधी आनंद झाला, हे आजही सांगायला लाज वाटते. यंत्र धडधाकट निघालं म्हणून मी हसलो, आणि हसता हसता जिन्यात ठेचाळणारा दादा डोळ्यांपुढे आला.

दुसऱ्याच दिवशी त्याला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले आणि काचबिंदू असल्याचं सांगितलं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता आली तर राखू. निदान वर्षभर आधी यायला हवं होतं, असंही ते म्हणाले. ते वर्ष माझ्या वहीत महिन्यावार लिहिलेलं होतं. दादाची नजर किती आणि कशी गेली ते मी स्वतःच्या हातानं मोजलं होतं, आणि मोजून दर वेळी पुसून टाकलं होतं.

परतताना एसटीत मी त्याला सगळं सांगितलं. गुणाकाराचंही सांगितलं. तो माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "मला लय दिसापासनं भ्या वाटत हुतं रं. निळं सूत धुरकट दिसाय लागलेलं. कुनाला बोललो न्हाई, म्हनलं रंगखात्यातनं काढत्याल. मग तू म्हनलास, खोट काचंत हाय. तू शिकलेला. त्या दिशी लय बरं वाटलं गड्या, पोटभर जेवलो."

एवढं बोलून तो जरा हसलाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी निदान रडलो असतो.