कोंडाजी, फौजदार आणि उभी गाडी

रिहे गावातले कोंडाजी बोलू लागले की ओढ्यापलीकडच्या माणसाला वाटतं, आपल्यालाच हाक मारली. भांडत नसतात, आवाजच तसा. घरात पाणी मागितलं तरी शेजारची तुळजाबाई "आले, आले" करत बाहेर येते. जन्मभर भातखाचरात उभं राहून या बांधावरून त्या बांधावर बोलायची सवय. चपला दाराबाहेर काढाव्यात तसा आवाजही बाहेर ठेवायचा असतो, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही.

मुलगा किशोर हिंजवडीला कंपनीत कामाला. त्याने पांढरी गाडी घेतली तेव्हा कोंडाजींनी नारळ फोडला, दोन पेढे खाल्ले आणि गाडीत बसायचं मात्र टाळलं. "काच लावली की जीव कोंडतो," म्हणायचे. पौडला जायचं तर फाट्यावर एसटीची वाट बघत उभे राहायचे, आणि त्यांच्यासमोरून किशोरची रिकामी गाडी जायची. आबा गाडीला घाबरतात, असं घरात कुणी म्हणत नसे. म्हणजे, त्यांच्यासमोर म्हणत नसे.

त्यांचा कुत्रा फौजदार. अंगणात आलेल्या प्रत्येकाची वास घेऊन चौकशी करायचा, म्हणून हे नाव. रानडुकराच्या मागे धावलेला गडी. "कुत्रं हाय त्ये, लाड कसले करायचे?" असं कोंडाजी चारचौघांत म्हणायचे. जेवायला बसले की भाकरीचा मऊ पापुद्रा त्याला आणि कडक काठ स्वतःला.

एकदा सून रेश्मा त्याच्या अंगावरचे गोचीड काढत होती, तेव्हा बगलेत लिंबाएवढी गाठ तिच्या हाताला लागली. तिने पिरंगुटच्या जनावरांच्या डॉक्टर सुनीतीबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "घेऊन या, बघायला लागेल."

रविवारी किशोरने फौजदाराला उचलून मागच्या सीटवर टाकलं. कोंडाजी लांबूनच ओरडले, "जा रं बाबा, काय न्हाई हुत!" त्या ओरडण्याने कुत्रा आणखीच थरथरला. घोटवड्याच्या अलीकडच्या वळणावर त्याने मागून झेप घेतली ती थेट किशोरच्या मांडीवर. गाडी हळू होती म्हणून बरं; बांध उतरून चिखलात जाऊन बसली. दार उघडताच फौजदार पळाला आणि किशोर ट्रॅक्टर शोधून, गाडी बाहेर काढून येईपर्यंत घरी ओसरीवर झोपलासुद्धा.

संध्याकाळी सल्ले द्यायला माणसं जमली. शेजारचा विलास म्हणाला, "तुमी झोपंची गोळी घेताय ना? अर्दी चारा त्याला. गपगार पडंल."

कोंडाजींना ते पटलं. गोळी मोडून ते गुळात दाबत होते, तेवढ्यात रेश्माने ती हातातून काढून घेतली. "आबा, माणसाचं औषध जनावराला द्यायचं न्हाई. आधी डॉक्टरांना विचारू."

डॉक्टर फोनवर स्पष्टच बोलल्या. "अजिबात नाही, जिवावर बेतेल. गाठीचा फोटो बघितला; ती येत्या महिन्यात काढली तरी चालेल, तेवढ्यात त्याला गाडीची सवय करा. आधी गाडी उभीच ठेवायची. दार उघडं, आत त्याचं अंथरूण, आत खायला. ओढायचं नाही, स्वतःहून चढू दे. मग इंजिन, मग थोडं अंतर. आणि मोकळा सोडू नका, छातीचा पट्टा घालून मागच्या सीटला बांधा. तो कुणाचं ऐकतो?"

"आबांचं," रेश्मा म्हणाली.

"मग त्यांनी शेजारी बसायचं. आणि हळू आवाजात बोलायचं."

फोन स्पीकरवर होता. किशोर आणि त्याची आई चंद्राबाई एकमेकांकडे बघून खोकले.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात नवा देखावा सुरू झाला. उभ्या गाडीत मागच्या सीटवर कोंडाजी, मांडीवर ताटली, शेजारी घोंगडी आणि उघड्या दारात, खाली, संशयाने बघणारा फौजदार. सुरुवातीला कोंडाजींनीही एक पाय बाहेरच ठेवला होता. रस्त्याने जाणारे थांबायला लागले.

"काय कोंडाजी, कुटं निघालाय?" गेणबाने विचारलं.

"पुण्याला."

"मग गाडी का हालंना?"

"आमाला घाई न्हाई."

पुढच्या आठवड्यात फौजदार भाकरीसाठी आत चढला, मग भाकरी संपली तरी बसून राहिला. कोंडाजी त्याच्याशी बोलत होते, आणि खरंच हळू बोलत होते. चंद्राबाई चहा घेऊन आली आणि कपबशी हातात धरून ऐकत उभी राहिली.

"अवो," ती म्हणाली, "लगीन झाल्यापासनं माज्याशी कदी असं बोललात का?"

"तू कदी गाडीला भ्यालीस?" कोंडाजी म्हणाले.

किशोरने पहिल्यांदा इंजिन चालू केलं तेव्हा फौजदाराने उडी मारली. कोंडाजींनी वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. "बंद कर, बंद कर! कुत्रं भ्यालंय!" किशोरने मागे वळून पाहिलं. कुत्रा केव्हाच अंगणात गेला होता. किशोरने इंजिन बंद केलं आणि वडिलांचा हात हँडलवरून सुटेपर्यंत आरशात स्वतःचे केस नीट करत बसला.

मग रोज थोडं थोडं. देवळापर्यंत, ओढ्यापर्यंत, फाट्यापर्यंत. फौजदार धापा टाकायला लागला की गाडी बाजूला घ्यायची, पाणी पाजायचं, पट्टा हातात धरून जरा फिरवायचं. ओढ्यापर्यंत जाणं त्याला जमलं, तरी पुढे दोन दिवस पुन्हा चढेचना. कोंडाजी चिडले, पण चिडणंसुद्धा हळू आवाजात करावं लागल्यामुळे त्यात काही दम राहिला नाही.

ऑपरेशनचा दिवस आला. डॉक्टरांनी रात्रीपासून पोट रिकामं ठेवायला सांगितलेलं, म्हणजे भाकरीची लाच चालणार नव्हती. फौजदार गाडीपाशी आला, ताटली शोधली आणि मागे फिरला. कोंडाजी आत जाऊन बसले, घोंगडीवर हात थोपटला. "चल रं. मी हाय ना."

जरा वेळ गेला. मग तो चढला.

किशोर सावकाश चालवत होता. काच बोटभर खाली. फौजदाराची लाळ गळत होती, पोटरी थरथरत होती. कोंडाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बाहेर काय दिसतंय ते सांगायला लागले. "ही जगतापांची पट्टी. भात लई दाट लावलाय, रोग पडंल बग. ही आपली. ह्ये त्या बंगल्याचं कंपाउंड, ह्ये बी आपलंच व्हतं. हितं तुजी आई उंदरं धरायची." घोटवडं मागे पडलं तेव्हा कुत्र्याने मान त्यांच्या गुडघ्यावर टाकली होती. कोंडाजींचे दोन्ही हात त्याच्या पाठीवर होते. हँडल रिकामंच हलत होतं.

गाठ निघाली. तपासणीत ती साधी चरबीची ठरली. ऑपरेशन चालू असताना कोंडाजी बाहेर बाकावर बसले होते. किशोरने चहा आणला, तो त्यांनी गार करून टाकून दिला. "ऊन लई हाय," म्हणत डोळे पुसले. आकाशात ढग होते.

टाके काढायला गेले तेव्हा दवाखान्यात चांदे गावचा पियूष नावाचा मुलगा थरथरणारं कुत्रं कवटाळून बसला होता. कोंडाजींना राहवलं नाही. अनुभवी माणसाने सांगायलाच हवं. त्यांनी गळा साफ केला आणि शेतातल्या आवाजात सांगितलं, "आरं पोरा, त्याच्यासंगं हळू बोलायचं असतंया!"

दवाखान्यातली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली. एक मांजर कपाटावर चढलं. डॉक्टरबाई बाहेर आल्या, कोंडाजींना बघितलं आणि काही न विचारता आत गेल्या.

आता गाडीचं दार उघडं दिसलं की फौजदार आत जाऊन बसतो आणि सकाळी कामावर निघालेल्या किशोरला त्याला काढायला वेळ लागतो. रविवारी दोघांची फेरी ठरलेली: कधी पौड, कधी भुकूमला चंद्राबाईच्या बहिणीकडे. कोंडाजी पुढे बसत नाहीत. "कुत्र्याला एकलं वाटतंया," म्हणतात. त्यामुळे पुढची सीट रिकामी, मागे दोघं ऐटीत. परवा फाट्यावर एका पाव्हण्याने गाडी थांबवून किशोरला विचारलं, पिरंगुटपर्यंत सीट केवढ्याला नेता?