जर्मन काकूंचा नियम

जर्मन काकूंनी आम्हाला दोन वर्षांत एकच चित्रपट दाखवला, आणि तोही कधी सलग दाखवला नाही. पडद्यावर कोणी एक वाक्य बोललं की त्या रिमोटने चित्र थांबवत आणि आमच्याकडे वळून विचारत, "काय म्हणाला? आणि का म्हणाला?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर शब्दकोशात मिळे. दुसऱ्याचं उत्तर येईपर्यंत पडद्यावरचा मुलगा तोंड उघडं ठेवून थांबलेला असे.

चित्रपट जर्मनीतल्या एका लहान गावातल्या मुलांचा होता. सुट्टी लागलेली, गावचा पोहण्याचा तलाव बंद पडलेला, आणि ही मुलं दिवसभर त्या कोरड्या तलावाच्या काठावर बसून सिगारेटी ओढत. एकाचे वडील घर सोडून गेलेले, एकीला शाळेतून काढलेलं. बाकी काही घडतच नसे.

"काकू, पण यात स्टोरी कुठे आहे?" ओंकारने पहिल्याच दिवशी विचारलं.

"हीच स्टोरी आहे रे बाबा. तुम्ही तरी वेगळं काय करता? तुम्ही मॉलमध्ये बसता. तिथे एसी असतो, एवढाच फरक."

आमच्या तुकडीत आम्ही दोघंच होतो, ओंकार आणि मी. दर शुक्रवारी सकाळी कुवेतमधल्या अब्बासियाहून बसने सालमियाला काकूंच्या घरी जायचो. जर्मन येत असलं की पुढे तिकडे इंजिनिअरिंगला जाता येईल, असं दोघांच्याही घरच्यांनी ठरवून टाकलं होतं. काकू पुण्यात कॉलेजात असताना जर्मन शिकल्या, लग्न होऊन कुवेतला आल्या आणि जर्मनीला कधीच गेल्या नाहीत. "मी गेले नाही म्हणूनच माझं व्याकरण शुद्ध राहिलं," असं त्या हसत सांगत. शिकवणी संपली की खबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, तव्यावर कडक भाजून त्यावर तूप आणि मेतकूट घालून देत. ओंकार एकटाच तीन खायचा. मी कमी बोलते म्हणून मला त्या 'आमचे मौनीबाबा' म्हणत.

त्यांचा एक नियम होता. खोलीचं दार लावलं की मराठी बंद, इंग्रजी बंद. मग जर्मनमध्ये काय वाटेल ते बोलायचं आणि ते त्या खोलीतच राहायचं. "आईबाबांवर चिडलायस ना? चीड. फक्त विभक्ती चुकवू नकोस," त्या ओंकारला म्हणत. बाहेर माझी आई येऊन बसलेली असली तरी तिला एक अक्षर कळत नसे. त्या वयात आमच्याकडे दुसरी कुठलीच खोली नव्हती. घरं दोन खोल्यांची, शेजारीपाजारी सगळे ओळखीचे, आणि कोणाचा मुलगा कुठे दिसला हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या घरी पोचलेलं असे. म्हणून आम्ही झपाट्याने जर्मन शिकलो.

एका शुक्रवारी चित्रपटातल्या मुलाने शेजाऱ्याची स्कूटर न विचारता नेली. काकूंनी चित्र थांबवलं. "का नेली?"

ओंकार बराच वेळ शब्द जुळवत होता. मग तुटक जर्मनमध्ये म्हणाला, "कारण चालवत असतो तेव्हाच त्याला आपण कुठेतरी आहोत असं वाटतं." आणि त्याच दमात, "मीपण नेतो. बाबा शिफ्टवरून येऊन झोपले की त्यांची गाडी. समुद्राच्या रस्त्याने."

तो सतरा वर्षांचा होता. त्याच्याकडे लायसन नव्हतं. इथे परदेशी माणसाचा मुलगा असा पकडला गेला तर त्याला देशाबाहेर काढतात आणि वडिलांची नोकरीही धोक्यात येते, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. काकूंनी फक्त त्याचं एक क्रियापद दुरुस्त केलं आणि चित्र पुढे सुरू केलं.

पुढच्या शुक्रवारी ओंकार आला नाही. गाडीचं त्याच्या घरी कळलं होतं आणि त्याला नाशिकला काकांकडे पाठवायचं ठरलं होतं, बारावीचं वर्ष अर्धं असताना. मी त्याच्या घरी गेले तर तो दारातूनच म्हणाला, "तुझ्याशिवाय कोणाला माहीत होतं?"

"काकूंना."

"काकू सांगणार? शी इज नॉट लाइक दॅट. तू घाबरलीस, आईपाशी बोललीस. जा आता."

मी आईपाशी बोलले नव्हते. उलट आईनेच मला सांगितलं, की जर्मन काकूंनी ओंकारच्या आईला फोन केला आणि 'माझं नाव मात्र त्याला कळू देऊ नका' असं बजावलं. "केवढे उपकार केले बाईंनी," आई म्हणाली.

मी एकटीच सालमियाला गेले. काकू गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या.

"तुम्ही सांगितलंत ते बरोबरच असेल," मी म्हणाले. "पण मी सांगितलं असं त्याला वाटतंय. त्याला खरं सांगा ना."

त्यांनी हातातला शर्ट झटकला. "अगं जुई, माझं नाव कळलं तर तो पुन्हा कुठल्याही मोठ्या माणसापाशी तोंड उघडणार नाही. तू मैत्रीण आहेस. तुला तो चार दिवसांत माफ करेल."

त्यांनी आत जाऊन खबूस भाजायला घेतलं. मी ते न खाता निघाले.

ओंकारने मला माफ केलं नाही. काकूंना मात्र तो दर दिवाळीला फोन करायचा. मधल्या वर्षांत मी शिकून परत इथेच नोकरीला लागले. यजमानांच्या निवृत्तीनंतर काकू कायमच्या पुण्याला निघाल्या, तेव्हा विमानतळावर त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "मौनीबाबा," म्हणाल्या. गेली कित्येक वर्षं मी त्या एका नावाचा विचार करते आहे. ओंकारचा संशय स्वतःवर येऊ द्यायचा की माझ्यावर हे ठरवताना, ही गप्प राहील एवढंच त्यांनी पाहिलं असावं.

गेल्या महिन्यात त्या गेल्या. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एकापाठोपाठ एक आठवणी आल्या. ओंकारने लिहिलं, "माझं ऐकून स्वतःजवळ ठेवणारं एकच मोठं माणूस मला भेटलं." मला त्या गेल्याचं रडू येत होतं आणि हे वाक्य वाचवत नव्हतं. मी त्याला फोन लावला.

"जुई?" तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "कळलं ना तुला?"

"हो. ओंकार, तेव्हा तुझ्या घरी मी सांगितलं नव्हतं."

"मग कोणी?"

काकूंचं नाव मी घेतलं नाही. त्या शुक्रवारी खोलीत आम्ही तिघंच होतो.

मग तो म्हणाला, "आज नको होतंस सांगायला."