सात वाक्यांचा म्हातारा

अहमदपूरच्या आमच्या गल्लीत शेषेरावकाकांच्या नजरेतून काही सुटत नाही. कृषी सहायक म्हणून त्यांनी एकतीस वर्षं पीक कापणीचे प्रयोग केले. शेतकरी म्हणायचा, "साहेब, औंदा लई पिकलंय." काका नुसते हसायचे. रानाचा एक तुकडा दोरीनं आखायचे, तेवढंच पीक कापून वजन करायचे आणि मगच एकरी किती पिकलं तो उतारा लिहायचे. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. मी शेजारीण, पण माझ्या घरून गेलेल्या वरणातली डाळसुद्धा चमच्यानं तपासतात.

रोज चारला ओट्यावर चहा आणि या प्रयोगांच्या गोष्टी. ऐकायला कस्तुराकाकू. नायगावच्या करडईची गोष्ट मला भिंतीपलीकडून पाठ झालीय, तर काकूंचं काय झालं असेल!

दिवाळीत भाचा श्रीशैल आला आणि काकूंच्या मोबाइलवर शेतीचा एक गेम टाकून गेला. "मामी, जगभर गाजलाय. बक्षिसंच बक्षिसं मिळालीत त्याला!" समुद्राकाठचं गाव, त्यात आपलं छोटं रान. भोपळे लावायचे आणि गावातल्या माणसांना नेऊन द्यायचे. तिथल्या दीपगृहात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा राहतो. भोपळा दिला की विचारतो, "आज खेत में क्या किया, बेटी?" उत्तर म्हणून एक बटण दाबायचं असतं. काकू बटण दाबतात आणि तोंडानंही सांगतात, "पाणी घातलं बाबा, कुंपण नीट केलं."

आठवड्याभरात काकांचा चारचा चहा एकट्यानं व्हायला लागला.

"तनुजा," त्यांनी मला भिंतीपाशी बोलावलं, "ह्या गेमात ज्वारीच न्हाई. अन् म्हणे शेतीचा गेम! बक्षीस दिलं कुणी याला?"

"काकूंना आवडतोय ना, काका."

"आवडंल न्हाई तर! चार दिवसांत भोपळा येतो. अन् त्या म्हाताऱ्याला कामधंदा काय? बेटी म्हणतो!"

"ऐकू येतंय मला," आतून काकू.

"तुला न्हाई, त्या दाढीवाल्याला म्हणून राहिलो."

शेवटी काकांनी प्रयोगच लावला. श्रीशैलला विचारून तोच गेम स्वतःच्या मोबाइलवर घेतला. रोज म्हाताऱ्याला एक भोपळा द्यायचा आणि तो जे बोलेल ते जुन्या डायरीत उतरवायचं.

आठव्या दिवशी मी विरजण मागायला गेले होते. काका डायरी नाचवतच स्वयंपाकघरात आले.

"कस्तुरा, सापडलं! सातच वाक्यं हायेत त्याच्याकडं. आज पुन्हा पहिलंच बोलला. तुला वाटतं तुझ्याशीच बोलून राहिलाय. तो या तनुजालाबी हेच म्हणंल!"

काकूंनी मेथी निवडता निवडता मानही वर केली नाही. "मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं ते."

"मग?"

"तुमची मोजली का कधी? चहा टाक. चष्मा कुठंय. अन् ती करडई. तीनच भरतात. त्यात सवाल एकच, तोबी चष्म्याचा."

वाटी घेऊन मी निघायला हवं होतं, पाय निघेना. काकांनी डायरी मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

दुसऱ्या दिवशी चारला ओट्यावर दोन कप दिसले. काकांनी एक कप काकूंपुढं सरकवला. मग तहसीलदारासमोर बोलावं तसे बोलले, "आज... काय केलंस?"

काकूंनी त्यांच्याकडं नीट पाहून घेतलं. मग सुरू झाल्या. नळाला आलेलं गढूळ पाणी, माहूरहून आलेला बहिणीचा फोन, डाव्या गुडघ्याची कळ. मधे कुठंतरी करडईच्या तेलाचा विषय निघाला. काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या चहावर साय धरली.

चार दिवसांनी मी मुद्दाम विचारलं, "काका, काय उतारा लिहिला गेमचा?"

"चांगला हाय. बक्षीस बरोबर दिलंय." मग आत एक नजर टाकून त्यांनी आवाज खाली आणला. "पर मी त्या दाढीवाल्याला भोपळा बंद केलाय. हिचा चालूच हाय, बघ."