पेपरमिंटचं सरबत आणि माझं तोंड

माझी दोन स्थळं माझ्या तोंडामुळे गेली. रूपामुळे नाही आणि शिक्षणामुळेही नाही. सातवी झालेली मुलगी म्हणजे आमच्या केळव्यात तेव्हा बऱ्यापैकी शिकलेलीच. पहिल्या स्थळाच्या मामांनी मला विचारलं, "भाकरी जमते का गो?" मी म्हटलं, "जमते. तुमाला?" दुसऱ्या खेपेला मुलाची आत्या माझी वेणी ओढून केस खरे की गंगावन ते तपासायला लागली. मी तोंड उघडून दाखवलं आणि म्हटलं, "दातही मोजा, बैल घेताना मोजतात." आत्याबाई चहा न पिताच उठल्या. पुढचे आठ दिवस आई माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि ते काम म्हणजे मुख्यतः मला घालूनपाडून बोलणं.

तिसरं स्थळ आलं ते बेटेगावचं. तारापूरला अणुवीजघर बांधायला घेतलं होतं ती वर्षं. बोईसर स्टेशनवर रोज नवी माणसं उतरायची, साताऱ्याकडची, खानदेशातली, कुठकुठली. आमच्या भागातल्या मुलांनाही तिथे कामं मिळायला लागली होती. मुलगा त्याच बांधकामावर टाइमकीपर होता. म्हणजे किती मजूर आले, किती गेले, ते लिहायचं. मला बघायला आला तेव्हा त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. निघताना मात्र आमच्या ओटीच्या बुटक्या छपराच्या वाशावर त्याचं डोकं असं आपटलं की वरून माती पडली. कपाळ चोळत तो स्वतःच हसला. तेवढ्यावर मला तो आवडला. आता सांगायला लाज कसली, फार आवडला.

होकार आला. सुपारी फोडायचा दिवस ठरला. सुपारी फुटली की लग्न पक्कं, मग कोणी मागे फिरत नाही. तोपर्यंत मात्र कोणाचाच भरवसा नाही. म्हणून आईने आदल्या संध्याकाळी मला चुलीपुढे बसवलं, माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "उद्या तोंडातून एक अक्षर काढायचं नाय. माझी शपथ हाय तुला. सुपारी फुटू दे, मग बोल काय बोलायचं ते." मी शपथ घेतली. मलाही ते लग्न हवं होतं.

आता पेपरमिंटकडे येते. माझा थोरला भाऊ पालघरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. चार वर्षांत तो अर्ध्या हळकुंडाने चांगलाच पिवळा झाला होता. डॉक्टर दवाखान्यात जे बोलत ते दादा संध्याकाळी आमच्या ओटीवर बसून स्वतःचं म्हणून सांगत असे. डॉक्टरांना विचारून त्याने घरी एक बोटभर तपकिरी बाटली आणली होती, पेपरमिंटच्या तेलाची. पुदिन्याच्या जातीच्या पाल्यातून काढलेलं तेल. बूच काढलं की वास थेट टाळूपर्यंत जायचा. आईचं डोकं दुखलं की दादा वाटीभर खोबरेल तेलात दोन थेंब टाकून कपाळाला लावायचा, आणि आई पाचच मिनिटांत "गार वाटला हो" म्हणायची. बाबांच्या पोटात वारा धरला की साखरेच्या चिमटीवर एक थेंब. फडताळात मुंग्या झाल्या की तेलाचा बोळा. शेजारपाजारचे लोक डोकी आणि पोटं घेऊन आमच्याकडे येऊ लागले, आणि दादाची मान आणखी ताठ झाली.

दर वेळी तो डॉक्टरांचा पाठही म्हणून दाखवी. नुसतं तेल कातडीला लावायचं नाही, दुसऱ्या तेलात मिसळूनच लावायचं. डोळ्यांपासून लांब ठेवायचं. पोटात घ्यायचं तर थेंबाच्या वर नाही. पाण्यात ते विरघळत नाही, वर तरंगतं, म्हणून आधी साखरेत घोटायचं. आणि लहान पोरांच्या नाकातोंडाजवळ बाटली न्यायचीच नाही. "का?" मी विचारलं. "डॉक्टर सांगतात म्हणून," दादा म्हणाला. म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं.

मला कोणी करू नको म्हटलं की हात शिवशिवतात. एका दुपारी घरात कोणी नसताना मी बाटली उलटी केली आणि दोन थेंब थेट जिभेवर घेतले. बाई गं! आधी बर्फ, मग विस्तव, मग दोन्ही एकदम. मी माठाकडे धावले आणि घटाघटा पाणी प्याले. ती मोठीच चूक झाली. पाण्याने ते सगळ्या तोंडभर पसरलं, श्वास घेतला तरी घसा सोलवटतोय असं वाटायला लागलं. शेवटी विळीवर आमटीसाठी खवायला ठेवलेल्या नारळाचा तुकडा चावला, तेव्हा कुठे जीव खाली आला. तेलाला तेलकटच लागतं, पाणी नाही, हे मी असं शिकले. दादाला अर्थातच सांगितलं नाही.

सुपारीचा दिवस उजाडला तो वैशाखातला. समुद्र हाकेवर असूनही वारा पडलेला. बाबांनी बेटेगावच्या मंडळींना म्हणे निरोप पाठवून ठेवला होता की आमच्याकडे या, थंडगार सरबत पाजतो. आता थंडगार म्हटल्यावर बर्फ आला. बर्फ मिळायचा सातपाटीला, पण तो मासळीवर टाकायचा. दादा म्हणाला, आणतो सायकलवर. बाबा उखडले. "व्याह्यांना बोंबलाचा सरबत पाजू?" मग दादाने छाती पुढे काढून सांगितलं की बर्फाची गरजच नाही. पेपरमिंटचे चार थेंब टाकले की साधं पाणीही गार लागतं. त्याने सकाळीच मोठ्या पातेल्यात लिंबाचं सरबत केलं, आणि खरं सांगते, अगदी रीतसर केलं. थेंब मोजले, साखरेत घोटले, मग पाणी घातलं. मी चोरून पळीभर चाखलं. सुरेख झालं होतं.

घात केला तो बाबांच्या जिभेने. आमची पानवेलीची वाडी. बाबांच्या तोंडात उठल्यापासून झोपेपर्यंत पान, त्यात चुना, कात आणि वर चिमटीभर तंबाखू. चाळीस वर्षं हा रतीब चालू. त्या जिभेला आईने आमटीत मीठ घातलंय की नाही तेही कळत नसे. आणि चाखून कोणी बघायचं, तर घरच्या कर्त्याने. बाबांनी घोट घेतला, तोंडात घोळवला आणि म्हणाले, "गार कुठे हाय? अजून टाक." दादाने दोन थेंब टाकले. "नाय लागत." आणखी चार. एवढ्यात बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज आला, "आले, आले" झालं, बाबा ओरडले, "ओत रे पटकन!" आणि दादाने घाईत बाटली कलती केली. किती गेलं त्यालाच कळलं नाही. ना साखरेत घोटलं, ना ढवळलं. औषधाच्या प्रत्येक बाटलीवर 'हलवून घेणे' अशी चिठ्ठी स्वतःच्या हाताने चिकटवणारा हा माणूस! सगळं तेल सरबतावर तरंगत राहिलं, आणि आईने डाव बुडवून वरचंवरचं सरबत पहिल्या पाच पेल्यांत भरलं. पहिले पेले अर्थात मानाच्या पाहुण्यांचे.

तबक माझ्या हातात दिलं गेलं. दारातून बाहेर येताना त्या पेल्यांचा वास नाकात शिरला आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी ओळखलं. मागे वळून दादाकडे पाहिलं, तर तो पाहुण्यांना नमस्कार करण्यात दंग. आईकडे पाहिलं, तर तिने ओठांवर बोट ठेवलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. मनात म्हटलं, मोठी माणसं आहेत, ओठाला लागेल आणि ठेवून देतील. बोलले तर लग्न गेलं. म्हणून गप्प राहिले आणि पेले दिले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं सगळे सांगतात, एवढं कोणी सांगत नाही.

व्याह्यांनी तहानेने अर्धा पेला एका दमात घेतला. त्यांचे डोळे मोठे झाले, मिशी थरथरली, आणि तोंडातून शब्दाऐवजी नुसती हवा आली. नवऱ्या मुलानेही घोट घेतला होता. तो हातरुमाल तोंडावर धरून खोकायला लागला. आणि त्याच वेळी ओटीच्या कडेला बसलेल्या त्याच्या वहिनीने, तिला इकडचं काही दिसलंच नव्हतं, मांडीवरच्या दीड वर्षाच्या पोराच्या तोंडाला आपला पेला लावायला उचलला. पोर उन्हातून आलेलं, दोन्ही हातांनी पेला ओढत होतं.

मी ओरडले. कशी ओरडले ते शेजारच्या वाडीतून लोक धावत आले यावरून समजा. "पोराला नको! वैनी, नको!" आणि नुसती ओरडले नाही, झेप घेऊन पेल्यावर फटकाही मारला. पेला ठणठणत अंगणात गेला, सरबत वहिनीच्या नव्या कोऱ्या साडीवर सांडलं, पोराने भोकाड पसरलं. त्याचा हात भिजला होता, तो त्याने डोळ्याला लावायच्या आत मी पकडला आणि पदराने खसाखसा पुसला. तेवढ्यात व्याह्यांनी पाण्याचा तांब्या उचलला. आता एकदा तोंड सुटलंच होतं. "पाणी नको! थुंका! आधी थुंका, मग खोबरं चावा!" होणाऱ्या सासऱ्याला, भर ओटीवर, "थुंका." सुपारीच्या तबकात ठेवलेली नारळाची कवड मी त्यांच्या हातात कोंबली. ते बिचारे थुंकले, मग चावत बसले. आणि मग मी दादाकडे वळले. त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सगळं शांत झालं तेव्हा मंडळी उठली. तांब्यातल्या पाण्याने साडी धुतलेली, डोळे लाल, चेहरे गंभीर. "कळवतो," एवढंच व्याही बोलले. सुपारी तबकात तशीच राहिली. नवरा मुलगा जाताना माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो हसत होता की ते पेपरमिंट होतं, हे मला कळेना. वासा लक्षात ठेवून तो या वेळी वाकून अंगणात उतरला.

आईने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती नुसती पानं निवडत बसली, मोठी एकीकडे, फाटकी एकीकडे. मीही समोर बसून निवडायला लागले आणि मला रडू आलं. शपथ मोडली म्हणून नाही. तो गेला म्हणून.

दुसऱ्या दिवशी दादाने डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं, ही त्याची मोठी हिंमत. घरी आला तो मान खाली घालून. डॉक्टरांनी बाटली परत मागवली होती. आणि त्याला समजावून सांगितलं होतं की हे तेल मोठ्यांना फार तर पोळतं, पण एवढ्याशा पोराच्या घशाशी असं नुसतं गेलं तर घशाची नळी आवळते, श्वास अडकतो. पोर हातचं जाऊ शकतं. बाबांनी पान थुंकून टाकलं. आईच्या हातातली पानं हातातच राहिली, आणि ती माझ्याकडे कितीतरी वेळ बघत होती.

बेटेगावहून पाचव्या दिवशी माणूस आला. निरोप व्याह्यांचा होता. पोरासाठी धावली ती मुलगी पसंत आहे, सुपारी आमच्याकडे, बेटेगावला फोडू, आणि लग्नात सरबत ठेवू नये, चहा चालेल. वहिनीने तर वेगळा निरोप धाडला होता की साडीचा डाग निघाला, काळजी नसावी. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी बैलगाडीपाशी बायकांची रांग लागली, आणि जी ती माझ्या कानाशी लागून तेच सांगत होती. काकू म्हणाली, तोंड सांभाळ. मावशी म्हणाली, खालमानेनं राहा, कोणी काय बोललं तरी उलट बोलू नको. मी सगळ्यांना मान डोलावली. शेवटी आई आली. तिने माझा पदर नीट केला, गालावरची हळद बोटाने पुसली. मग माझा हात उचलून तिने पुन्हा स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "थय, सासरी, काय वावगं दिसलं तर गप नको बसू, बाय. मी सांगितलं होतं तरी तू बोललीस. तशीच बोल."